‘डूम्सडे’च्या आधी नेमकं काय बघायचं? आणि मेलेला माणूस परत आला की मला राग का येतो?

शाळाबाई_पेडणे

नमस्कार. प्रश्न आधी विचारते, पाल्हाळ मागाहून, म्हणजे घाईतल्या माणसाला वरच्या वर उत्तर देऊन सुटता येईल. मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ या सिनेमाला १८ डिसेंबर २०२६ ही तारीख लागली आहे. माझ्या मुलाचं म्हणणं, त्याआधी ‘सगळं’ बघून झालं पाहिजे. सगळं म्हणजे गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने भरून त्याने काढलेली यादी. त्यात सिनेमे आहेत, मालिका आहेत, आणि दहावीचं वर्ष आहे हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. यातलं काय बघितल्याशिवाय चालणारच नाही, तेवढं सांगा. बघणारे आम्ही तिघं: तो, मी आणि माझे बाबा. बाबांचं वय ७८.

आता पाल्हाळ.

मी पेडणे तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. घरात कोकणी, फळ्यावर मराठी आणि मुलाच्या तोंडी अर्धी इंग्रजी. सिनेमा म्हटला की पर्वरीचा मॉल नाहीतर पणजी, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला. तीन तिकिटं, पेट्रोल, वर पॉपकॉर्नचा तो डबा. त्यामुळे आम्ही सहज म्हणून जात नाही, ठरवून जातो, आणि ठरवून गेलं की अपेक्षाही तेवढीच असते.

‘एंडगेम’ २०१९ च्या एप्रिलात बघितला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तसं त्याने माझ्या मांडीत तोंड खुपसलं. परत येताना गिरीपर्यंत एक शब्द बोलला नाही. म्हापशाला गाडी सिग्नलला थांबली तेव्हा विचारलं, “आई, त्याच्या मुलीला कोण सांगणार?” मला आजही तो सिग्नल लागला की ते आठवतं.

तोच नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, आता डॉक्टर डूम हा खलनायक होऊन परत येतोय. २०२४ च्या जुलैत ही बातमी आली, त्याने मुखवटा काढला तो व्हिडिओ आला, आणि मुलगा सोफ्यावर उभा राहून नाचला. मला मात्र तेराव्याचं जेवण जेवून घरी यावं आणि गेलेला माणूस ओट्यावर बसून पान लावताना दिसावा, तसं झालं. “आई, तो टोनी नाही, डूम आहे.” बरं बाबा, डूम तर डूम.

पण हे सुरू कुठून झालं? स्पायडरमॅनच्या ‘नो वे होम’पासून, असं माझं मत. १६ डिसेंबर २०२१, पहिलाच दिवस, तोंडाला मास्क. दोन जुने स्पायडरमॅन आले तेव्हा थेटरात जो आरडाओरडा झाला त्यात मीसुद्धा होते, लपवत नाही. पण मी रडले ते नंतर. पीटरची मैत्रीण एमजे वरून पडते, टॉम हॉलंडचा पीटर, म्हणजे आताचा स्पायडरमॅन, झेपावतो आणि मध्येच अडवला जातो, तेव्हा जुन्यांतला एक, अँड्र्यू गारफिल्ड, उडी मारून तिला धरतो. २०१४ च्या सिनेमात त्याची मैत्रीण ग्वेन अशीच पडली होती आणि त्याचं जाळं तिच्यापर्यंत पोचलं, पण उशिरा. इथे एमजेला खाली ठेवल्यावर तो नुसता तिच्याकडे बघतो. तिला वाटतं हा असा का बघतोय, म्हणून ती उलट त्यालाच विचारते, तू बरा आहेस ना? ग्वेन परत आली नाही. तिच्या जागी दुसरी ग्वेन आणून उभी केली नाही. फक्त त्याचा हात या वेळी वेळेवर पोचला. मल्टिवर्सचा, म्हणजे एकाला लागून अनेक जगांचा, एवढा सगळा खटाटोप त्या एका मिनिटासाठी केला असता तरी मी माफ केलं असतं.

आणि त्यानंतर? ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागात, २०२२ साली, पॅट्रिक स्टुअर्टसकट मोठी मोठी माणसं आणून बसवली, आणि वांडा नावाच्या चेटकिणीने दहा मिनिटांत त्यांचा फडशा पाडला. कुणाला काही वाटलं नाही. का वाटावं? ती ८३८ नंबरच्या जगातली माणसं, आपल्या ६१६ मधली नव्हेत. हजेरीपटावर नंबर असतो तसे नंबर. मी वर्गात नंबराने हाक मारत नाही, नावाने मारते, त्याचं कारण हेच.

‘द फ्लॅश’ (२०२३) सगळ्यांनी झोडपला. बरोबरच झोडपला. शेवटी २००४ साली वारलेल्या क्रिस्तोफर रीव्हचा संगणकाने केलेला चेहरा दाखवला तो मला बघवेना. पण त्याच सिनेमात एक टोमॅटोचा डबा आहे. नायकाची आई बाजारात टोमॅटोचा डबा विसरते, बाबा तो आणायला जातात, तेवढ्यात घरी तिचा खून होतो. मुलगा काळात मागे जाऊन डबा तिच्या सामानात टाकतो, ती वाचते, आणि जग मोडतं. मग त्यालाच परत त्या दुकानात जाऊन, आईशी चार शब्द बोलून, तिच्या सामानाच्या ढकलगाडीतून तो डबा काढून घ्यावा लागतो. कोट्यवधींचे स्फोट एका बाजूला ठेवा आणि तो डबा एका बाजूला. मी आजही भुसारी दुकानात टोमॅटो प्युरीचा डबा उचलताना क्षणभर थांबते.

तर दुसरा प्रश्न असा: बिघडलं काय आहे? सिनेमे, की माझं वय? बाबा म्हणतात वय. त्यांचं वाक्य जसंच्या तसं: “आमच्या नाटकांत रावण दर वर्सा मरता आनी दर वर्सा येता. तेन्ना तूं कित्याक रडना जाल्लें?” याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

फर्मागुडीचा_फ्लॅश

टीचर, आधी यादी. मी सेकंड इयर मेकॅनिकल, म्हणजे वेळ वाया घालवण्यात माझा अनुभव दांडगा आहे.

‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ तुमचे झालेत. ‘लोकी’ बघाच, दोन सीझन, सहा-सहा भाग. वेगवेगळी जगं कशी फुटतात ते सगळं तिथे आहे, आणि दुसऱ्या सीझनचा शेवट तुम्हाला आवडेल, पैज लावतो. ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’. ‘थंडरबोल्ट्स’. ‘फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’, कारण श्रेयनामावली सुरू झाल्यावर त्यात डूमचं पहिलं दर्शन आहे, पाठमोरं का होईना. बस्स. ‘क्वांटमेनिया’ विसरा. कांग नावाचा खलनायक पुढच्या ॲव्हेंजर्ससाठी तयार करत होते, तो बेतच बारगळला, त्यामुळे तो सिनेमा म्हणजे रद्द झालेल्या गाडीचं तिकीट.

आता दुसरा प्रश्न. टीचर, रागावू नका, पण हे सिनेमावाल्यांनी २०२१ मध्ये काढलेलं खूळ नव्हे. १९६१ साली डीसी या कॉमिक्स कंपनीच्या फ्लॅशच्या १२३व्या अंकात नवा फ्लॅश जुन्या फ्लॅशला भेटला, तो दुसऱ्या पृथ्वीवर राहतो म्हणून. कारण साधं होतं: जुनी पात्रं फेकायची नव्हती आणि नवी विकायची होती. मग पृथ्व्या वाढत गेल्या, वाचकांना हिशेब लागेना, आणि १९८५ मध्ये त्याच कंपनीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ नावाची बारा अंकांची मालिका काढून सगळ्या पृथ्व्या मोडून एक केली. म्हणजे तुम्ही आज जे म्हणताय ते ४० वर्षांपूर्वी खुद्द संपादकांनीच म्हटलं होतं. पुढे त्यांनीच पृथ्व्या परत आणल्या हा भाग वेगळा. हिशेबाची वही कितीदा फाडली तरी उधारी राहतेच.

‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ बघितलात का? सात ऑस्कर मिळाले २०२३ मध्ये. मिशेल योची लाँड्री आहे, टॅक्सचे कागद तुंबलेत, मुलीशी पटत नाही, आणि त्यातच हजारो जगं उघडतात. माझ्या आईने बघितला आणि म्हणाली, “हांव ह्या सगळ्या संवसारांनी रांदपाकूच आसतलें.”

वेताळाची_वहाण

मी हे सिनेमे फारसे बघत नाही. नातू लावतो तेव्हा मागे खुर्चीत असतो, तेवढाच संबंध. पण मूळ प्रश्न बरा आहे म्हणून लिहितो.

तुमच्या या वीरांना शीम नाही. शीम म्हणजे गावाची हद्द, हे पेडण्याच्या बाईंना सांगायला नको. आमच्या राखणदाराला ती असते. या वडापासून त्या ओहोळापर्यंत तो राखतो. रात्री पाणी लावायला गेलेल्या माणसाला बांधावरून काठीचा आवाज येतो, घोंगडी दिसते, विडीचा निखारा दिसतो, आणि चुकलेली वाट सापडते. पलीकडच्या गावात काय चाललंय त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही, तिथे दुसरा आहे. वर्षाला त्याचा रोट आणि नारळ पोचला नाही तर तो रुसतो. वेताळाचं तेच. रात्रभर गाव फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या वहाणा नेऊन ठेवतात. झिजतात, हे लक्षात घ्या. झिजलेली वहाण दिसते म्हणून माणूस म्हणतो, हा फिरला खरा.

या लोकांचं काय झिजतं? एक विश्व मोडलं, दुसरं आहे. जिथे हद्द नाही तिथे राखण कसली करणार?

नातवाने ‘लोका’ दाखवला, २०२५ चा मल्याळी. तो मात्र मी पूर्ण बघितला. केरळातली कळ्ळियंकाट्टू नीली नावाची यक्षी, लोककथेतली, तिला आजच्या बंगळुरात आणून ठेवली आहे. तिथे मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तिची भूक, तिचं व्रत, तिला कुठे जायचं नाही, सगळं ओळखीचं. आपल्याकडे देवचारावर, म्हणजे या राखणदारावर, असं कुणी काही करत नाही, आणि केलं तर बहुधा तो हायवेवर बाईक चालवताना दाखवतील, म्हणून न केलेलंच बरं.

खाजेवाला

तुम्ही सगळे फारच गंभीर झालात बा. मी जत्रांना खाज्याचं दुकान लावतो, कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्री जागाच असतो, त्यामुळे दशावताराबद्दल बोलायचा मला अधिकार आहे आणि मी बोलणार.

बाई, तुमच्या बाबांचं बरोबर आहे. आख्यान सगळ्यांना पाठ असतं. कोण मरणार, कोण जिंकणार, माझ्या गिऱ्हाइकांतल्या पाच वर्षांच्या पोराला ठाऊक. तरी लोक दोन वाजता जागे का राहतात? राजा कसा येतो ते बघायला. पडद्यामागून आवाज येतो, मृदंग वाढतो, आणि तो येऊन एक गिरकी घेतो. शिट्ट्या! ‘डेडपूल अँड वूल्व्हरिन’मध्ये वेस्ली स्नाईप्स ब्लेड होऊन आला तेव्हा मी मडगावात तेच केलं. १९९८ चा ब्लेड मी भाड्याच्या कॅसेटवर बघितला होता, टीव्ही शेजाऱ्यांचा. एवढ्या वर्षांनी तोच माणूस, तोच चष्मा. गोष्ट गेली चुलीत. आधी कॅप्टन अमेरिका आला असं वाटलं आणि तो निघाला जुन्या फँटॅस्टिक फोरमधला जॉनी स्टॉर्म (दोन्ही पार्ट एकाच नटाचे), तेव्हा तर मी हसून हसून मागच्या माणसाच्या पायावर सोडा सांडला.

रडायला पाहिजे तर कीर्तनाला जावं. मी पावणेदोनशे रुपये शिट्टीसाठी देतो.

ता. क. डेडपूलला इथे ‘ए’ सर्टिफिकेट होतं. दहावीतल्या पोराला घेऊन जाल तर दारावर अडवतील. माझ्या पुतण्याला अडवलं, मिशी असून.

शाळाबाई_पेडणे

सगळ्यांचे आभार. फ्लॅश, तुझी यादी मुलाला दाखवली, त्याने ‘क्वांटमेनिया’वर काट मारली आणि तीन नावं स्वतःची वाढवली. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, मीसुद्धा रांधपातच असणार.

वेताळाची_वहाण, तुमचं शीमेचं मी दोनदा वाचलं. पण एक सांगते. २०२५ चा ‘सुपरमॅन’ बघा, जेम्स गनचा. गावाएवढा राक्षस शहर तुडवत असताना तो माणूस एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. थेटरात काहीजण हसले. मला तुमचा राखणदार आठवेल असं तेव्हा माहीत नव्हतं, आता आठवतो. आणि त्याचं ते ऐकत नसलेलं कुत्रं बाबांना फार आवडलं. आमच्या वाड्यावर तसंच एक आहे.

खाजेवाला, तुम्ही मला अडचणीत आणलंत, कारण मीही ‘नो वे होम’ला ओरडले होते. तर आता बाबांच्या रावणाचं उत्तर. ते मला नाही सापडलं, बाबांनीच दिलं, मी फक्त लिहून काढते.

बाबा तरुणपणी दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. ‘हरिश्चंद्रा’त तारामतीचा पार्ट करणारा एक जोडीदार होता, अकरा हंगाम त्यांच्याबरोबर. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कथा ठरलेली, बोलणं तिथल्या तिथे. बाबांनी सवाल टाकायचा आणि त्याने तो झेलून उलटा फेकायचा. मसणवटीच्या प्रवेशात हरिश्चंद्र स्वतःच्या मुलाच्या प्रेतावर कर मागतो, तिथे हे दोघे अर्धा अर्धा तास खेचत, आणि बायका पदर डोळ्यांना लावत. एका मार्गशीर्षात तो तापाने गेला. तिसऱ्या रात्री पुढच्या गावची जत्रा ठरलेली, मोडता येईना. तेच लुगडं, तेच केस, तीच पेटी, आत दुसरा मुलगा. चांगला केला म्हणे त्याने. टाळ्या पडल्या.

बाबा पहाटे घरी आले आणि आईला म्हणाले, “नवो बरो करता. पूण ताका म्हजे सवाल खबर नात.”

ही गोष्ट मला ठाऊक होती, पण मी ती सिनेमाला कधी लावली नव्हती. परवा रविवारी मुलाने ‘गार्डियन्स’चा तिसरा भाग (२०२३) लावला. मारामाऱ्यांत बाबा डुलक्या घेत होते, पिंजऱ्यातल्या त्या प्राण्यांच्या भागाला सरळ होऊन बसले. त्यात गमोरा आहे. पहिली गमोरा ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये मेली, ही दुसऱ्या काळातून आलेली. चेहरा तोच, हिरवा रंग तोच. पहिलीचा प्रियकर क्विल सिनेमाभर तिला आठवण करून द्यायला बघतो, आणि तिला काहीच आठवत नाही, कारण ते तिच्या बाबतीत झालेलंच नाही. शेवटी ती एवढंच म्हणते की आपलं दोघांचं बरं जमत असणार, आणि आपल्या माणसांकडे निघून जाते. सिनेमा तिला अडवत नाही.

बाबा म्हणाले, “तें परत लाय.”

मुलाने मागे घेतलं. दोनदा. मग बाबा उठून बाहेर ओट्यावर गेले आणि मोपाचं विमान जाईपर्यंत तिथेच बसले.

फर्मागुडीचा_फ्लॅश

टीचर, मी गमोराला यादीत घातलंच नव्हतं. लाज वाटतेय. वरून जोडा.

आणि एक विचारू? मग डाउनी डूम झाला तर तुमचा राग नक्की कशावर? इथे तर ते सरळ सांगतायत की हा टोनी नाही.

खाजेवाला

बरोबर विचारलंस. नट तोच, पार्ट दुसरा. कालचा राजपार्टी आज संकासूर, म्हणजे राक्षस, झाला, एवढंच. आमच्याकडे रोज होतं.

(आणि बाई, कुठल्या मंडळाचे बाबा? माझ्या वडिलांनी बघितले असतील. इथे नको, निरोपात सांगा.)

शाळाबाई_पेडणे

राग कशावर, ते मीच नीट सांगू शकत नाही. डूम टोनी नसेल तर माझी हरकत नाही. पण मध्येच कुणीतरी त्याच्याकडे टोनीसारखं बघणार, संगीत हळू होणार, आणि मला २०१९ चं रडू उसनं मागणार. ते मी देणार नाही. तसं केलं नाही, तर बघू. आणि त्याने नुसता धुडगूस घातला तर खाजेवाल्यांच्या शेजारी बसून मीही शिट्टी मारेन. मला येते, शाळेत माहीत नाही.

बाबांना आज संध्याकाळी सगळं समजावून सांगितलं. लोखंडी चिलखतवाला मेला तो, आता तोच नट दुष्ट राजा होऊन येणार, हिरवी घोंगडी आणि तोंडावर लोखंडी मुखवटा. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“मुखवटो? पुराय सिनेमाभर?”

बहुतेक, मी म्हटलं.

“मागीर भितर कोणूय आसूं. इतले पयशे कित्याक दिले ताका?”

मुलगा या वाक्यावर अजून चिडलेला आहे. डिसेंबरात तीन तिकिटं काढायची ठरली आहेत, कडेच्या खुर्च्या, बाबांचा गुडघा दुमडत नाही म्हणून.